गायीचं पान

विचुंब्यात गाय एकच उरली होती. एकेकाळी दुपारी गुरं पाण्यावर आली की गाढी नदीचा पलीकडचा काठ दिसत नसे, असं म्हातारी माणसं सांगतात. म्हातारी माणसं थोडं वाढवूनच सांगतात, पण गोठा नसलेलं घर गावात नव्हतं हे खरं. मग भाताच्या खाचरांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, गोठ्यांच्या जागी गाळे निघाले, गुरं मिळेल त्या बाजाराला गेली आणि गाव शेणामुतातून मोकळं झालं. पितरांतून मात्र मोकळं झालं नाही. भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की प्रत्येक घराचे पितर जेवायला हजर. त्यांच्यासाठी एक पान कावळ्याला लागतं, एक गायीला. कावळे आहेत, आणि कचरा आहे तोवर राहतील. गायीचं काय करायचं? तर तांबू होती.

तांबू कागदावर परेशशेटची. तिच्या कानातला पिवळा बिल्ला त्याच्या नावावर होता. परेशशेट म्हणजे गावातला बिल्डर. वयाने चाळिशीचा, आणि येत्या महापालिका निवडणुकीत उभं राहायचं त्याच्या मनात होतं, हे त्याच्या शर्टाच्या पांढरेपणावरूनच कळायचं. गायीला हात मात्र चिंधीचा लागायचा. चिंधी पन्नाशीची कातकरीण. नवरा गेल्यावर परेशच्या बापाने, काशीरामने, तिला आपल्या नदीकाठच्या मोकळ्या जमिनीत झोपडी घालू दिली होती, राखण कर म्हणून. त्या जमिनीला, भात न पिकणारी म्हणून, बाप वरकस म्हणायचा, मुलगा प्लॉट म्हणतो.

काशीराम वारला त्या वर्षी त्याच्या बायकोने, गोदूआईने, सहा महिन्यांची तांबडी कालवड चिंधीच्या स्वाधीन केली. जुन्या रिवाजाने, अर्धेलीवर. म्हणजे जनावर मालकाचं, मेहनत सांभाळणाऱ्याची; पहिलं वासरू मालकाचं, दुसरं सांभाळणाऱ्याचं. कागद नाही, साक्षीदार नाही. गोदूआईने कालवडीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "दुसरं वासरू तुजं, चिंधे." असल्या शब्दावर या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या गुरं वाढली. पहिला गोऱ्हा झाला. तो परेशने कुठल्याशा देवस्थानाला दान केला, गळ्यात हार घालून फोटो काढला आणि विसरून गेला. आता तांबू दुसऱ्यांदा गाभण होती. नववा महिना सरत आला होता.

हे वासरू चिंधीचं होतं. तिच्या सात पिढ्यांत कुणी चार पायांचं जनावर स्वतःचं म्हणून बांधलं नव्हतं. लोकांची गुरं राखली, लोकांचं गवत कापलं, आणि दिवाळी सरली की लोकांच्या विटा थापायला भट्टीवर. मुलगी सुनिता अजूनही नवऱ्याबरोबर भट्टीवर जायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला निम्मी होऊन परत यायची. चिंधीने तिला सांगून ठेवलं होतं, "कालवड झाली ना, तं तू आता भट्टीवर जायचं नाय. हितंच रहा. दोघी मिळून तिला मोठी करू." सुनिता हसायची. पण या खेपेला मुकादमाला तिने होकार दिला नव्हता, याचा अर्थ चिंधीला बरोबर समजला होता.

गवताच्या बाबतीत चिंधीचा हात धरणारं पनवेल तालुक्यात कुणी नसेल. सकाळी आधी भाताचा कोरडा पेंढा, मग नदीकाठी चराई, मग कापलेलं गवत. पावसाचं कोवळं गवत कापलं की ते तासभर पसरून सुकवायचं, ओलं तसंच घालायचं नाही, पोट फुगतं. बांधकामाजवळचं गवत कितीही हिरवं असो, घ्यायचं नाही, त्यावर सिमेंट बसलेलं असतं. रेल्वे रुळाच्या कडेला मारवेल गवत कुठे आहे, कुठल्या पडीक प्लॉटच्या पत्र्याआड पवन्या गवत माजलंय, सगळं तिला पाठ. पत्र्याखालून सरपटत आत जाऊन ती भारा बाहेर काढायची आणि वॉचमनच्या शिव्या हसत ऐकून घ्यायची. दुपारी तांबू बसून रवंथ करायला लागली की चिंधी तिच्याकडे बघत भाकरी खायची. तिच्या मते जगात यापेक्षा समाधानाचं दृश्य नव्हतं, आणि मलाही ते खोटं वाटत नाही.

गायीच्या पानाचा एक नियम गावाने न लिहिता पाळला होता. सर्वपित्री अमावास्येला चिंधी तांबूला दारोदार फिरवायची. प्रत्येक दारात पान मांडलेलं असायचं. त्यात भात, खीर, वडे, भोपळ्याची भाजी. गायीने घासभर खायचं की चिंधी दोर ओढून पुढच्या दारी. पान पितरांना पोचलं, गायीचं पोट शाबूत राहिलं. वीस-बावीस घरं, वीस-बावीस घास. आदल्या रात्री पोटभर पेंढा खाल्लेल्या गायीला तेवढं काही बाधत नसे.

पण गेल्या वर्षी एक भलतंच झालं. तांबू त्या दिवशी नदीकाठून चरून आली होती. गोदूआईच्या दारात पानाजवळ तोंड नेलं, हुंगलं आणि मान फिरवली. चिंधीने तिची मान दोनदा पानाकडे वळवली, दोन्ही वेळा तेच. आणि पुढच्याच दारी, शेजारच्या धर्मराजच्या पानातला भोपळा तिने मिटक्या मारत खाल्ला. झालं! गावाला चघळायला विषय मिळाला. काशीराम मरताना सांगून गेला होता की नदीकाठची जमीन विकू नका, आणि परेशने त्यातली अर्धी वर्षाच्या आत विकली होती. म्हातारा अन्नाला शिवला नाही म्हणजे काय ते समजा, असं बायका नळावर बोलल्या. गोदूआईने त्या दिवशी जेवण केलं नाही. वर्षभर ती जेवताना मध्येच थांबून म्हणायची, "ते उपाशी हायत."

म्हणून यंदा अमावास्येच्या चार दिवस आधी गोदूआई काठी टेकत स्वतः नदीकाठी आली. ऐंशीची बाई, गुडघे गेलेले, तरी रिक्षा न करता चालत. गोठ्याच्या बाहेर उलट्या घमेल्यावर बसली.

"चिंधे, आदल्या दिवशी तांबूला काय घालू नको."

"म्हंजे?"

"चारा नको, पेंढा नको. नुसतं पानी दे. भुकेली आयली तं माज्या पानाला तोंड लावील."

"आये, ती गाभण हाय. पोट रिकामं ठेवून एकदम भात घातला तं बाधंल."

"एक दिसाचं तं हाय गो. मी बी उपास धरतंय ना." आणि म्हातारी रडायला लागली. पदर न लावता, तोंड उघडं ठेवून, लहान पोरीसारखी. "त्यांनी एक घास घेतला ना, का मी मरायला मोकली."

चिंधी काय बोलणार? या बाईच्या नवऱ्याने तिला राहायला जागा दिली होती, या बाईने वासराचा शब्द दिला होता. आणि एक दिवस, वीस-बावीस घास. चिंधीने मनातल्या मनात हिशेब घातला, की शेवटच्या दारातून परत आणताच पेंढा घालू, आणि हो म्हणाली.

परेशच्या बॅनरचा तिला अजून पत्ता नव्हता. तो दुसऱ्या दिवशी नाक्यावर लागला. 'सर्वपित्री अमावास्येनिमित्त गोमाता कपिला दर्शन व सामुदायिक गोग्रास सोहळा. सकाळी नऊ ते बारा. पार्किंगची उत्तम सोय.' खाली परेशशेट हात जोडून, आणि कोपऱ्यात, त्याच्या कोपराएवढी, तांबू. तांबूची कपिला कधी झाली हे तांबूलाही माहीत नव्हतं. चिंधीला वाचता येत नव्हतं. तिने गायीचं चित्र बघितलं, बरं वाटलं, आणि भारा घेऊन पुढे गेली.

अमावास्येच्या आदल्या दिवशी दुपारी परेश गाडीतून उतरला तेव्हा तिला सगळं कळलं. तांबूला सकाळपासून काही घातलेलं नव्हतं. ती खुंट्याभोवती फिरत होती, खालचा जुना काडीकचरा चाटत होती.

"गुड," परेश म्हणाला. "आई बोलली मला. असंच ठेव. उद्या सात सोसायट्यांतून लोक येणारेत. ग्रुपवर टाकलंय, शंभरच्या वर नावं आलीत. मैदानात मंडप घातलाय, एका जागी उभी करायची. घरोघरी फिरवायची झंझट नाय."

"शेट, शंभर पानं? तिचं पोट माणसाचं नाय हो. तिच्या पोटात चूल हाय, तिला गवताचंच जळण लागतं. भात-खीर पडली का नुसता धूर. घासभर असंल तं ठीक."

"अगं, लोक साजूक तुपातलं आणणार. तू घालतेस ते पत्र्याखालचं गवत."

"गाय गवतच खाते, शेट."

परेश हसला. त्याचं हसणं वाईट नव्हतं. मतं मागायला निघालेल्या माणसाचं हसणं कधीच वाईट नसतं. "ह्या वेळचं वासरू तुझं ना? आई मला सांगत असते. मग जरा ॲडजस्ट करायचं. आणि हे काय, कचरा खातेय ती. तोंड बांध तिचं."

चिंधीने गोठ्याच्या आढ्यातून मुसकं काढलं. मळणीच्या वेळी बैलाने भात खाऊ नये म्हणून तोंडाला बांधायची ती काथ्याची जाळी. गावात मळणी राहिली नाही, पण जाळी राहिली होती. तिने ती तांबूच्या तोंडावर बांधली. तांबूने एकदा मान झटकली आणि उभी राहिली. सांगायला काय, चिंधीला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. संध्याकाळी ती पेंढ्याची एक पेंढी घेऊन गोठ्याच्या दारापर्यंत गेलीही. कोण बघत होतं? पण परत फिरली. तिने गोदूआईला शब्द दिला होता. आणि वासरू तरी कशावर उभं होतं? शब्दावरच. आपण आपला मोडला, तर त्यांनी त्यांचा का पाळावा? असा विचार गरीब माणूसच करतो.

सकाळी साडेआठला मुसकं सोडून तिने तांबूला मैदानात आणलं. मंडप, सतरंजी, माईक. परेशची पोरंबाळं नव्हे, पण परेशच्या नावाचे टी-शर्ट घातलेले दहा-बारा जण. पहिलं पान गोदूआईचं. केळीच्या पानावर तिने स्वतः रांधलेला भात, खीर, पाच वडे, भोपळा. म्हातारी काठी बाजूला ठेवून दोन्ही हातांवर पान घेऊन पुढे आली. पान जमिनीला लागतंय न लागतंय तोच तांबूने तोंड घातलं. भात खाल्ला, वडे खाल्ले, खीर चाटली आणि शेवटी पानही खाल्लं. गोदूआई तिथेच जमिनीवर बसली. "निवले," म्हणाली. "जेवले ते." खरं सांगायचं तर चिंधीलाही त्या वेळी आनंद झाला. म्हातारीचं एक वर्षाचं ओझं उतरलेलं तिने डोळ्यांनी बघितलं होतं.

मग रांग सुटली. डबे, ताटं, कागदी द्रोण. भात, पुरणपोळ्या, शेवयांची खीर, जिलेब्या. एकाने किलोभर भिजवलेली हरभरा डाळ आणली, एका बाईने कणकेचे गोळे, गूळ लावून. चिंधी सवयीने एकेका घासानंतर दोर ओढत होती. पहिल्या दहा ताटांना जमलं. अकराव्याला एक बाई रागावली.

"मावशी, खाऊ द्या ना. बघा किती भूक लागली आहे तिला! आमच्या सासूबाईंच्या नावाचं आहे, अर्धं ठेवलंत तर कसं चालेल?"

"ताई, बाधंल तिला. गाभण हाय ती."

"अहो, मग तर जास्त खायला हवं."

भूक लागली होती हे खरंच होतं. टी-शर्टवाल्यांपैकी दीपेश नावाच्या एकाने चिंधीच्या हातातून दोर घेतला. उद्धटपणे नाही, अगदी गोड बोलून. "तू सावलीत बस, आम्ही बघतो." चिंधी मंडपाच्या कडेला उभी राहिली. दोनदा ती पुढे गेली, दोनदा तिला मागे आणून बसवलं. तिसऱ्यांदा ती थेट परेशकडे गेली, पण तो कॅमेऱ्यासमोर बोलत होता, आणि त्याने तिच्याकडे न बघता तळहात उभा केला. साडेबारापर्यंत तांबू खात होती. गुरांना हे कळत नाही, पुढ्यात आलेलं अन्न सोडणं त्यांना येत नाही. माणसांना कळायला हवं होतं.

दुपारी गोठ्यात आणल्यावर चिंधीने पेंढा पुढे टाकला. तांबूने हुंगलासुद्धा नाही. ती रवंथ करेना. चिंधी तिच्या जबड्याकडे बघत बसली, आत्ता हलेल, मग हलेल. संध्याकाळपर्यंत जबडा हलला नाही.

उजाडलं तेव्हा तांबू बसलेली होती आणि उठत नव्हती. डावी कूस टम्म, शेण पातळ, आंबट वासाचं. दात करकर वाजवत होती आणि मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. चिंधीने खायचा सोडा पाण्यात कालवून पाजला, तेल पाजलं, पोट चोळलं, शेपटी धरून उठवायचा प्रयत्न केला. मजुरीसाठी नाक्यावर उभ्या असलेल्या सुनिताला बोलावून घेतलं. परेशचा फोन लागत होता पण तो उचलत नव्हता. त्याच्या फोनवर त्या सकाळी दुसरेच लोक होते. कार्यक्रमाचे व्हिडिओ चांगले चालले होते. शेवटी चिंधी गोदूआईकडे धावत गेली आणि म्हातारीने मुलाला आतल्या खोलीतून बाहेर काढलं.

अकरा वाजता परेश डॉक्टर घेऊन आला. कामोठ्याला कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवणारी भावना नावाची तरुण मुलगी. सरकारी डॉक्टर लसीकरणाला लांब गेले होते आणि ही पटकन मिळाली. तिने येताच चप्पल बाजूला काढली, सरळ शेणात गुडघे टेकले, कानाला नळ्या लावल्या, डोळ्यांची पापणी उलटून बघितली.

"काय खाल्लं हिने?"

परेश म्हणाला, "प्रसाद. चांगलंच सगळं."

"किती?"

चिंधीने सांगितलं. आदल्या दिवशीचा उपास सांगितला, मुसकं सांगितलं, पुरणपोळ्या, डाळ, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

भावनाने मान खाली घातली. "भात आणि गोड तिच्या पोटात आंबलंय. सगळं आम्ल झालंय, रक्तात उतरलंय. हे काल दुपारी कळलं असतं तर पोट उघडून काढता आलं असतं." मग ती परेशकडे वळली. "गाय वाचत नाही. तासाभराची आहे, फार तर दोन. पण वासरू जिवंत आहे. ठोके ऐकू येतायत. नववा सरत आलाय म्हणता, दिवस भरत आलेत. आत्ता बाजूने पोट उघडून बाहेर काढलं तर जगेल. ती असेपर्यंतच करता येईल. ती गेली की चार-पाच मिनिटं, बस. मला मालकाची सही लागेल."

"म्हणजे कापायचं?" परेश म्हणाला.

"भूल देऊन. तिला कळणार नाही."

एव्हाना गोठ्याबाहेर माणसं जमली होती. कालच्या रांगेतलेच चेहरे. बातमी ग्रुपवर गेली होती. काहींनी फोन वर धरले होते. परेशने त्यांच्याकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर चिंधीने पहिल्यांदाच भीती बघितली. गायीसाठीची नव्हे. कालच्या बॅनरवरची गोमाता, आणि आज परेशच्या गोठ्यात, परेशच्या सहीने, तिचं पोट चिरलेलं, रक्त, चाकू, आणि ते सगळं शंभर फोनांत. निवडणूक तीन महिन्यांवर.

"नाही," तो म्हणाला. "गाय कापायची नाही. तुम्ही इंजेक्शन-बिंजेक्शन द्या काय ते."

"इंजेक्शनने काही होणार नाही, सर."

"तरी द्या."

चिंधी पुढे आली. आयुष्यात तिने या घरातल्या कुणाचे पाय धरले नव्हते, आता धरले. "शेट, गाय तुमची, मी काय बोलत नाय. पण पोटातलं माजं हाय. माजं हाय ते. डॉक्टरीण बोलते जगंल. करू द्या तिला."

"अगं, समज ना. लोक काय म्हणतील? परेशने गाय कापली म्हणतील. तुला दुसरी घेऊन देतो."

"दुसरी नको. हेच माजं हाय."

मग तिला गोदूआई दिसली. म्हातारी दारात काठीवर वाकून उभी होती. चिंधीला धीर आला, कारण शब्द म्हातारीचा होता, परेशचा नव्हता. "आये, तू सांग. तू बोललीस ना, दुसरं वासरू तुजं. सांग शेटना."

गोदूआईने तांबूकडे बघितलं. त्या गायीने काल तिच्या नवऱ्याचं पान खाल्लं होतं. तिच्या पोटात अजून ते अन्न होतं. म्हातारी हळूच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"बोललेली. पण जन्माला येल त्याचं बोललेली, चिंधे. पोटातल्याचं नाय." आणि मग मुलाकडे वळून, "त्यांचं अन्न हाय तिच्या पोटात. तिथं सुरी नको लावू देस, परेश."

भावना उठली. तिचे हात कोपरापर्यंत शेणाने माखले होते. "आजी, वासरू वेगळ्या पिशवीत असतं," ती म्हणाली. पण सही नसताना ती काही करू शकत नव्हती. तिने सलाईन लावलं, कारण काहीतरी केलेलं दिसायला हवं होतं, आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून बसून राहिली. जाऊ शकत होती, गेली नाही, एवढं तिच्या बाजूने म्हणता येईल.

तांबू दीड वाजता गेली. मान लांब केली, एकदा खोल श्वास टाकला, आणि संपलं. भावनाने डोळ्याला बोट लावून बघितलं, चिंधीकडे बघितलं, आणि शेवटचं एकदा परेशकडे. "आत्ता," ती म्हणाली. "अजून पाच मिनिटं आहेत." परेश फोनवर बोलायला बाहेर गेला. जेसीबी सांगायचा होता, खड्डा मोठा लागणार होता, आणि समाधीसाठी संगमरवराचं बघायचं होतं.

चिंधी तांबूच्या उजव्या कुशीशी बसली आणि दोन्ही तळवे पोटावर ठेवले. आत हालत होतं. एक पाय, नाहीतर गुडघा असेल, तिच्या तळव्याला लागला. चांगला जोरात लागला. धडधाकट वासरू होतं ते. शेजारी सुनिता उभी होती. आईच्या चेहऱ्याकडे बघून ती समजली आणि तिने तोंडात पदर कोंबला.

बाहेरच्या बायका आत आल्या. कुणीतरी घरातून ताट आणलं होतं. हळद, कुंकू, हार, नवी साडी पांघरायला. केवढं भाग्य, म्हणत होत्या. सगळ्यांचे पितर जेवू घालून गेली, सरळ वैकुंठाला. एक जण कपाळाला कुंकू लावत होती, एक शिंगांना हार घालत होती. ताट घेतलेली बाई चिंधीजवळ वाकली. कालचीच होती, सासूबाईंच्या नावाचं पान आणणारी. तिचे डोळे रडून लाल झाले होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

"मावशी, हात काढा जरा. पोटाला हळद लावायची आहे."

चिंधीने मान वर केली नाही. तळव्याखाली अजून एक धक्का आला. मग एक, हलका. मग बराच वेळ काही नाही, आणि मग नुसती थरथर, ती आपल्याच हाताची की आतली हे तिला ठरवता येईना. बाई ताट धरून वाट बघत उभी होती. मागे कुणीतरी आरतीला सुरुवात करू का म्हणून विचारत होतं. चिंधी तशीच बसून राहिली. खाली काही उरलं नाही याची खात्री होईपर्यंत बसून राहिली. मग तिने दोन्ही हात उचलले आणि लुगड्याला पुसले.

"लावा आता," ती म्हणाली.